पन्हळीच्या पुढचे पाणी

छपरावर पडलेले पाणी पाईपमधून खाली उतरते, जोत्यापाशी जमिनीत शिरते आणि बहुतेक घरमालकांची माहिती तिथेच संपते. वीज कुठून येते असे विचारले तर खांबाकडे बोट दाखवता येते. नळाचे पाणी कुठल्या टाकीतून येते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. गच्चीचे पाणी कुठे जाते याचे उत्तर मात्र ‘जातं खाली’ एवढेच मिळते. पुण्याच्या पूर्वेला, जिथे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला की लोक समाधानी असतात, तिथे या उत्तरावर आयुष्य निघते. मुळशी तालुक्यात, ताम्हिणीला, एक पावसाळाही निघत नाही.

ताम्हिणी सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणपट्टी ओलांडून या कड्याला अडतात, वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. हंगामाच्या पावसाने सहा हजार मिलिमीटर ओलांडावे यात इथे कुणाला नवल वाटत नाही. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीची चोवीस तासांची नोंद ५५६ मिलिमीटर होती. पुणे शहराला जवळजवळ तेवढ्यासाठी सबंध पावसाळा लागतो.

या आकड्याचा घराशी संबंध जोडण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरची गच्ची असेल तर त्या एका दिवसात तिच्यावर ५५,६०० लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर. ते घरात शिरले नसेल, तर कुठेतरी गेले. ते ‘कुठेतरी’ शोधून काढणे हे वाटते त्यापेक्षा चिकाटीचे काम आहे, आणि ते गच्चीवर सुरू होऊन कंपाउंडच्या भिंतीशी संपत नाही.

मुळशी-मावळातल्या जुन्या कौलारू घरांना हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण त्यांना पाईपच नव्हते. आढ्यापासून दोन्ही पाख्यांवर उतरलेले पाणी वळचणीला येऊन पागोळ्यांनी सुटे. पागोळी रोज एकाच जागी पडत असल्याने अंगणात वळचणीला समांतर अशी खळग्यांची रांग उमटे, आणि त्या रांगेवरून पाणी किती पडते, कोणत्या बाजूला वाहते, हे उघड्या डोळ्यांनी दिसे. काही ठिकाणी त्याच रेषेवर दगड बसवलेले असत. घर उतारावर असेल तर वरच्या अंगाला आडवा चर खणून डोंगराचे पाणी घराला वळसा घालून काढून दिलेले असे. पन्हळ लागे ती दोन छपरे एकमेकांना भिडतात त्या खोबणीत, किंवा दारावर धार नको म्हणून. लाकडाची, पुढे पत्र्याची. या व्यवस्थेतले शहाणपण असे की, पाणी वळचणीच्या पूर्ण लांबीवर वाटले जाई. दहा मीटरच्या वळचणीवर विखुरलेले पाणी माती हळूहळू उकरते. तेच पाणी एका पाईपच्या तोंडातून सोडले तर पहिल्या पावसातच तिथे खड्डा पडतो.

स्लॅब आला तसे पाणी गोळा करणे भाग पडले. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा घालून उतार काढतात, कठड्याच्या कडेने वाटा मारतात, उताराच्या शेवटी जाळी बसवतात आणि तिथून डाऊनटेक पाईप खाली नेतात. किती पाईप, किती व्यासाचे, हे पावसाच्या जोरावर ठरायला हवे. राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या तक्त्याप्रमाणे ताशी १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाईप सुमारे ४३ चौरस मीटर छप्पर सांभाळतो. पाऊस ताशी २०० धरला तर निम्मेच. म्हणजे ताशी १०० धरले तरी शंभर चौरस मीटरच्या गच्चीला ताम्हिणीत किमान तीन पाईप हवेत, एखादा तुंबेल हे गृहीत धरून चार. प्रत्यक्षात सवयीने दोन बसवलेले आढळतात, कारण शहरात दोनांवर भागते. डोंगरात बंगला बांधताना वाळू-सिमेंटबरोबर शहराच्या सवयीही टेंपोत चढतात.

शोधाचे पहिले काम म्हणजे पाईप मोजणे. हे हास्यास्पद वाटेल, पण गच्चीवरच्या जाळ्या आणि खाली जमिनीत शिरणारे पाईप यांची संख्या बरेचदा जुळत नाही. दोन पाईप मध्येच भिंतीआड एकत्र आलेले असतात. एखादा बाल्कनीचा असतो, तो गच्चीचा समजला जातो. एखादा पाईप न्हाणीघराचाच असतो आणि पावसाचे पाणी नंतर कुणीतरी सोय म्हणून त्यात सोडलेले असते. पाठीमागच्या बाजूला, जिथे कुणी फिरकत नाही, एल्बो निसटून पाईप भिंतीला नुसता टेकलेला असतो. म्हणून आधी घराचा नकाशा एका कागदावर काढावा, त्यावर प्रत्येक जाळीला आणि प्रत्येक पाईपला आकडा द्यावा. बांधकामाच्या वेळचा ड्रेनेजचा नकाशा मिळाला तर उत्तम, पण त्यावर विसंबू नये. कागदावर चेंबर जिथे दाखवलेले असते तिथे प्रत्यक्षात खडक लागलेला असतो आणि प्लंबरने पाईप फिरवून दुसरीकडे काढलेला असतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात हे अगदी नेहमीचे.

मग खुणा वाचाव्यात. कोरड्या दिवसांत भिंत पुष्कळ सांगते. पाईपच्या सांध्याखाली शेवाळाचा वाळलेला काळा पट्टा असेल तर तो सांधा गळतो. जोत्याच्या वर हात-दीड हात लोणा फुटलेला असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर पाणी पायाशीच मुरते आहे. कंपाउंडच्या भिंतीला एखाद्याच जागी फुगवटा आला असेल, तर आतल्या बाजूने पाणी तिला रेटते आहे असे समजावे. उन्हाळ्यातही एक चौकोन हिरवा राहिला असेल तर त्याखाली बहुधा फुटका पाईप निघतो.

यानंतरचे काम दोघांनी करायचे. एकजण गच्चीवर, दुसरा खाली, चेंबरची झाकणे पहारीने उचलून ठेवलेली. एका वेळी एकाच जाळीत पाणी सोडायचे. बादलीचा उपयोग होत नाही; जमिनीतला पाईप मध्ये कुठे बसलेला असेल, त्यात गाळ असेल, तर दोन-तीन बादल्या त्याच्या पोटातच राहतात. टाकीचा होजपाईप लावून दहा-पंधरा मिनिटे सलग धार धरावी लागते. पाण्यात गेरू कालवला की ओळख पटते, नीळही चालते. वरून हाक येते, “आलं का?” खालून, “अजून नाही.” बराच वेळ काही होत नाही. मग चेंबरच्या एका तोंडातून आधी वास येतो, त्यामागून जांभळाच्या आणि हिरड्याच्या कुजलेल्या पानांचा काळा लगदा ढकलत थोडे पाणी येते, एखादा खेकडा चिडून बाहेर पडतो आणि त्याच्या मागोमाग तांबूस धार लागते. कागदावर जाळीच्या आकड्यापासून चेंबरच्या आकड्यापर्यंत रेघ ओढता येते.

रंगीत पाणी अपेक्षित चेंबरमध्ये आलेच नाही, तर शोध खरा सुरू होतो. ते आणखी कुठल्या चेंबरमध्ये आले का, कंपाउंडबाहेरच्या गटारात आले का, अंगणात कुठे ओल फुटली का, हे पाहायचे. पाईपला कान लावला तर वाहत्या पाण्याचा आणि तुंबलेल्या पाण्याचा आवाज वेगळा कळतो: वाहते पाणी खळखळत दूर जाते, तुंबलेले जागच्या जागी बुडबुडते. जमिनीतल्या पाईपला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. पंधरा मीटर अंतर असेल तर शेवटचे टोक सुरुवातीपेक्षा पंधरा सेंटिमीटर खाली हवे, आणि हे पाणी भरलेल्या लेव्हल ट्यूबने तपासता येते. उतार उलटा निघाला तर पुढचे काही तपासण्यात अर्थ नाही. शहरात आता पाईपमध्ये कॅमेरा घालणारे मिळतात. ताम्हिणीपर्यंत त्यांना आणण्याच्या खर्चात एक नवा पाईप टाकून होतो.

सर्वांत वाईट शोध लागतो तो रंगीत पाणी सेप्टिक टँकमध्ये निघाल्याचा. हे मुद्दाम कुणी करत नाही. जवळ दिसलेल्या चेंबरला पाईप जोडला जातो, आणि ते चेंबर संडासाच्या लाईनवरचे असते. सेप्टिक टँकचे काम संथपणावर चालते. मैला तळाशी बसायला, जिवाणूंनी त्याचे विघटन करायला पाणी टाकीत दिवस-दीड दिवस थांबावे लागते. चार-पाच माणसांच्या घराची टाकी दोन-तीन हजार लिटरची. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ताशी १०० मिलिमीटर पाऊस पडला की तासाला दहा हजार लिटर येते. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत टाकीतले सगळे ढवळून पुढे ढकलले जाते, न कुजलेले, खालच्या शेतात किंवा ओढ्यात. आणि पुढचे तोंड तुंबलेले असेल तर मागे, तळमजल्याच्या न्हाणीत. ‘पावसाळ्यात टाकी भरते’ अशी तक्रार ज्या घरात दरवर्षी ऐकू येते, त्या घरात मैलागाडी बोलावण्याआधी गेरूची परीक्षा करावी.

शोषखड्ड्याची गोष्ट वेगळी. पुस्तकात तो पावसाच्या पाण्याचा आदर्श शेवट मानला जातो, आणि राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पाचशे चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांवर नवे बांधकाम करताना पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. नियम चांगला आहे. पण तो ज्या जमिनी डोळ्यांसमोर ठेवून केला, त्यांना तहान असते. घाटमाथ्यावर मातीचा थर पातळ, खाली पाषाण, आणि जून सरता सरता जमीन इतकी भरते की जागोजागी उपळ फुटतात; चांगल्या बांधलेल्या घराच्या फरशीच्या सांध्यातूनही पाणी वर येते. अशा वेळी शोषखड्डा पाणी घेण्याऐवजी देऊ लागतो. जुलैत तो काठोकाठ भरलेला दिसला तर तो बिघडला असे नाही. त्याच्या भोवतीच्या जमिनीतही तेवढेच पाणी आहे. त्याला वरून सांडण्याची वाट ठेवलेली नसेल तर मात्र बांधणाऱ्याने निम्मेच काम केले. जोत्याला खेटून शोषखड्डा खणणे हे तर पायात पाणी सोडण्याचेच कलम.

साठवण करायची तर घाई नको. पाच हजार लिटरची टाकी जुलैच्या जोरात अर्ध्या तासात भरते आणि उरलेला महिना नुसती ओसंडते. तिचा उपयोग सप्टेंबरअखेरच्या, ऑक्टोबरच्या सरींना. ज्या डोंगराळ गावांत ओढे चार महिने अंगावर येतात, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी एप्रिल-मे महिन्यांत हंडे घेऊन चालावे लागते. त्या दिवसांच्या तोंडापर्यंत छपराचे पाणी पुरवायचे असेल, तर पाईप कुठे जातो याइतकेच त्याला मध्ये कुठे तोडून टाकीकडे वळवता येते, हे माहीत असणे कामाचे.

पाणी कंपाउंडबाहेर सुटले की ते दुसऱ्याचे होते. खाली शेजाऱ्याची भातखाचरे असतात. खाचरांची रचनाच पाणी एकातून दुसऱ्यात उतरवण्याची आहे: बांधाला तोंड फोडायचे, हवे तेवढे पाणी ठेवायचे, जास्तीचे खालच्या खाचरात सोडायचे. आवणीच्या दिवसांत या तोंडांवर माणसे लक्ष ठेवून असतात. त्यात वरून बंगल्याचा सहा इंची पाईप उघडला तर बांध फुटतो, रोपे लोळतात आणि गाळाबरोबर खडी येऊन बसते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वरच्या जमिनीवर पडलेले, ठरावीक प्रवाहात न वाहणारे पाणी नैसर्गिक रीतीने खालच्या जमिनीत उतरू देण्याचा वरच्या मालकाचा हक्क मान्य केला आहे. सगळी मेख ‘नैसर्गिक रीतीने’ यात आहे. डोंगराच्या उतारावरून पसरून आलेले पाणी आणि स्लॅबवर गोळा करून एका तोंडाने सोडलेले पाणी यांना एकच न्याय लावावा का, यावर वकील दोन्हीकडून बोलू शकतात. शहाणे लोक कोर्टात जाण्याआधी पाईपच्या तोंडाशी दगडांची रास रचून धार मोडतात, आणि पुढे चर काढून पाणी ओढ्यापर्यंत नेतात. रस्त्याच्या गटारात सोडणे सोपे वाटते. पण घाटरस्त्याचे गटार डोंगराच्या पाण्यानेच तुडुंब असते, आणि मोरी तुंबली की पाणी डांबरावरून वाहून पलीकडची भराव-कड खचवते.

ओढ्याला पाणी लागले की घराची बाब संपली, असे प्लंबर म्हणेल. ताम्हिणीत ती तिथे संपत नाही, कारण ओढा कोणत्या बाजूचा हा प्रश्न उरतो. सह्याद्रीची मुख्य धार या भागातून जाते. धारेच्या पश्चिमेचे पाणी प्लस व्हॅलीसारख्या दऱ्यांत कोसळते, देवकुंडावरून भिऱ्याजवळ कुंडलिकेला मिळते, कोलाड-रोह्यावरून रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये अरबी समुद्राला जाते. पूर्वेचे पाणी मुळशीच्या जलाशयाकडे, म्हणजे मुळेकडे; पुढे दापोडीला पवना आणि पुण्याच्या संगमावर मुठा तिला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत जाते, भीमा उजनी आणि पंढरपूर करत कर्नाटकात रायचूरच्या बाजूला कृष्णेत, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलादीवीपाशी बंगालच्या उपसागरात. एखादे घर नेमके धारेवर बसले तर त्याचे दोन पाखे दोन समुद्रांचे असू शकतात. सपाट माथ्यावर ही धार डोळ्यांना दिसत नाही. सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरच्या समोच्च रेषा ती दाखवतात, आणि त्याही वाचून झाल्या की भर पावसात छत्री घेऊन ओहोळामागे चालत गेल्याखेरीज खात्री होत नाही. रस्त्याखालची एखादी मोरी पाणी नकाशाच्या विरुद्ध बाजूला नेऊन सोडते.

पूर्वेकडचे उत्तर मात्र शंभर वर्षांपूर्वी बदलले गेले. टाटांच्या वीज कंपनीने मुळेवर मुळशीला धरण बांधायला घेतले, त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला, आणि तरीही धरण उभे राहिले. जलाशयाचे पाणी मुळेच्या ओघात पूर्वेला न जाता डोंगर पोखरून पश्चिमेला वळवण्यात आले. सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात ते १९२७ पासून चक्रे फिरवते आहे. वीज करून झाल्यावर ते कुंडलिकेत सुटते. कोलाडला तराफ्यांतून नदी उतरणारे पर्यटक ज्या पाण्यावर स्वार होतात ते पाणी असे मुळेच्या खोऱ्यातले असते. म्हणजे धारेच्या पूर्वेच्या पाख्यावर पडलेले आणि बंगालच्या उपसागराची वाट धरलेले पाणी पुन्हा डोंगराखालून अरबी समुद्राकडेच येते. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही, अशी म्हण आहे. भिऱ्याला तेही घडते: तिथल्या १५० मेगावॉटच्या उदंचन संचाने खालचे पाणी पुन्हा वर मुळशीच्या तलावात चढवता येते आणि विजेची गरज वाढली की परत खाली सोडता येते.

खोऱ्याबाहेर जाणाऱ्या या पाण्याचा तंटा राज्यांमध्येही झाला. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, टाटांच्या सर्व जलविद्युत प्रकल्पांनी मिळून भीमेच्या वरच्या खोऱ्यातून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट आणि सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. सोलापूर-पुण्याच्या दुष्काळी पट्ट्यातून हे पाणी पूर्वेला सोडा अशी मागणी अधूनमधून होते, मुंबईच्या विजेचा मुद्दा तिच्यासमोर ठेवला जातो, आणि वाद पुढच्या उन्हाळ्यावर जातो.

तेव्हा ताम्हिणीच्या पूर्व उतारावरच्या घराचे पाईप कुठे निचरतात, याचे उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. तलाव भरेपर्यंत, आणि पावसाळा संपल्यावर उरलेले वर्षभर, त्यांचे पाणी भिऱ्यावरून रेवदंड्याला. धरण काठोकाठ भरून सांडव्याची दारे उघडली की तेवढे दिवस मुळेतून पुण्याला, उजनीला आणि पुढे आंध्रच्या किनाऱ्याला. कागदावरच्या नकाशात चेंबरपासून ओढ्यापर्यंतची रेघ पक्क्या शाईने काढता येते. ओढ्यापुढे दोन रेघा काढून त्यांच्यावर महिने लिहावे लागतात.